अम्मांनी खाली बसू नये

बिबीजान मणेर पडल्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची हकीकत ऐकताना लोक मध्येच थांबवून विचारतात, की म्हातारी पडली कधी. पडल्या त्या शेजारच्या मल्लव्वा. न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावरून पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तीन महिने अंथरुणात काढून त्या गेल्या. बिबीजान तेव्हा ऐंशीच्या होत्या. सकाळी अंगण झाडत होत्या, उकिडव्या बसून भाकरी थापत होत्या, आणि जमिनीवर जानमाज अंथरून पाच वेळची नमाज पढत होत्या. त्यांच्या पायांबद्दल घरात कुणाचीच काही तक्रार नव्हती. इतके दिवस कुणी तक्रार कशी केली नाही, याचंच त्यांच्या मुलाला, राजेसाबना, नवल वाटलं.

राजेसाब एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. या शाखेत माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. जे कागदावर आलं ते झालं, आणि जे कागदावर आलं नाही ते सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं तरी झालेलं नाही. एकसष्टाव्या वर्षी ही शिकवण विसरणं अवघड असतं. त्यामुळं मल्लव्वांच्या मातीहून घरी आल्यावर हातपाय धुऊन राजेसाबनी पहिलं काम केलं ते म्हणजे नवी फाइल काढली. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'विषय : अम्मा, पडण्यापासून बचाव.' मग चहा मागितला.

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं तीन खोल्यांचं घर. स्वयंपाकघरात ओटा होता, त्यावर राजेसाबच्या पत्नी शाइस्ता स्वयंपाक करायच्या. पण अम्मांची शेगडी खाली होती. उभं राहून थापलेली भाकरी पोटाला लागत नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं. राजेसाब चहा घेऊन दारात उभे राहिले आणि अम्मा परातीसमोरून उठून पीठ आणायला गेल्या ते त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. हात न टेकता सरळ उठल्या.

"अम्मा, उठताना तू भिंतीला हात लावत नाहीस?"

"कशाला लावू? भिंत पडालीय व्हय?"

"पाय घसरला तर?"

"आतापतूर न्हाय घसरला की."

"मल्लव्वांचा पण आत्तापर्यंत घसरला नव्हता."

यावर अम्मा काही बोलल्या नाहीत. मल्लव्वा त्यांची संध्याकाळची सोबतीण. एकीला मराठी धड येत नव्हतं, दुसरीला कानडी अजिबात येत नव्हतं, आणि तरी चाळीस वर्षं दोघी दाराच्या पायरीवर बसून रोज तासभर बोलत होत्या. अम्मांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पदरानं डोळे पुसले. राजेसाबनी ती शांतता होकार समजून फाइलला लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी पहिलं परिपत्रक निघालं. 'अम्मांनी न्हाणीघरात जाण्यापूर्वी शाइस्तास कळवावे.' ते फ्रिजच्या दारावर चिकटवण्यात आलं. अडचण एवढीच होती, की अम्मांना वाचता येत नव्हतं. नातेपुत्याच्या बाजारात तीस वर्षं उकिडव्या बसून त्यांनी बायकांच्या हातात बांगड्या भरल्या होत्या, त्या धंद्याला अक्षर लागत नाही. त्यामुळं परिपत्रक मोठ्यानं वाचून दाखवण्याचं काम शाइस्तांकडं आलं.

"अम्मा, ऐका," त्या हात पुसत म्हणायच्या, "सरकारनं आज काय काढलंय बघा."

अम्मा मान हलवून ऐकायच्या आणि न कळवता न्हाणीघरात जायच्या.

खरी गती आली ती शरणबसवांमुळं. शरणबसव म्हणजे मल्लव्वांचे चिरंजीव, सूतगिरणीतून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून पडण्याच्या विषयात त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा मानला जाऊ लागला होता. आईसाठी जे जे करायचं राहून गेलं ते ते सगळं बिचारे आता अम्मांसाठी सुचवायचे. सांगताना त्यांचा आवाज असा काही भरून यायचा, की राजेसाबना नाही म्हणवत नसे.

"मणेरसाहेब, पैला न्हाणीचा उंबरा काढा," ते म्हणाले. "म्हातारं माणूस पाय उचलत न्हाय, ठेचतंय की. मी काढालो काढालो म्हणत ऱ्हायलो."

उंबरा काढायला कुंभारीचा मायाप्पा गवंडी आला. त्यानं दुपारपर्यंत उंबरा फोडला आणि उरलेल्या वेळात भिंतीला धरायचा पाइप बसवला. राजेसाब स्क्रू आणायला गेले होते. ते येईपर्यंत पाइप पक्का झाला होता, पण मायाप्पाच्या उंचीनं. मायाप्पा सहा फुटाला दोन बोटं कमी आणि अम्मा पायाच्या बोटांवर उभ्या राहिल्या तरी पाच फुटाच्या आतच. अम्मांनी हात वर करून पाहिलं, बोटं टेकली नाहीत. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "टावेल वाळत घालाय बरा हाय." तेव्हापासून त्या पाइपवर घरातले टॉवेल वाळू लागले, आणि खरं सांगायचं तर चांगले वाळायचे.

उंबऱ्याचं मात्र तसं झालं नाही. उंबरा न्हाणीघरातलं पाणी अडवायला होता, ही गोष्ट तो फुटल्यावर लक्षात आली. पहिल्याच अंघोळीला पाणी मधल्या खोलीतून वाट काढत स्वयंपाकघरापर्यंत गेलं. आजवर एक न्हाणीघर निसरडं होतं, आता सगळं घर निसरडं झालं. त्यावर उपाय म्हणून राजेसाबनी तीन रबरी पायपुसणी आणली. चौथ्या दिवशी त्यातल्या एकाच्या दुमडलेल्या कडेत अंगठा अडकून शाइस्ता गुडघ्यावर पडल्या. बचाव सुरू झाल्यापासून घरात पडलेलं पहिलं माणूस ते.

"हे लिवा की फाइलीत," त्या गुडघा चोळत म्हणाल्या.

"लिहिलं असतं," राजेसाब म्हणाले, "पण फाइल अम्मांच्या विषयाची आहे."

"म्हंजे मी पडले तर चालतंय."

"तसं नाही. विषय वेगळा काढावा लागेल." त्या दिवशी राजेसाबना स्वतःच्या हातानं वाढून घ्यावं लागलं.

मग काठीचा प्रश्न आला. ज्येष्ठ नागरिकांना काठ्या आणि वॉकर मोफत वाटायचं शिबिर एका शाळेच्या हॉलमध्ये लागलं होतं. राजेसाब अम्मांना घेऊन सकाळीच गेले. कचेरीचा माणूस असल्यानं त्यांनी सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स घेतल्या होत्या. रांग लांब होती. अम्मा दोन तास ताठ उभ्या राहिल्या, पुढच्या बाईला मागच्या बाईची ओळख करून दिली, दोघींच्या हातातल्या बांगड्यांवरून त्यांची माहेरं ओळखली. राजेसाबना मात्र अर्ध्या तासातच कंबर धरून पायरीवर बसावं लागलं. यावरून माणसानं काहीतरी बोध घ्यायला हवा होता. पण तेव्हा ते झेरॉक्स मोजत होते.

टेबलावरच्या कर्मचाऱ्यानं अम्मांचं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं.

"जन्मतारीख एक जानेवारी सदुसष्ट आहे. आजी ज्येष्ठ नागरिकांत बसत नाहीत."

"अहो, ती तारीख अंदाजानं टाकलेली आहे. माझीच त्रेसष्टची आहे."

"म्हणजे कागदानुसार तुमच्या आई तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत."

"ती समोर उभी आहे. तुम्ही बघा ना."

"बघून देता येत नाही साहेब. शाळेचा दाखला आणा."

"ती शाळेत गेलेली नाही."

"मग शाळेत न गेल्याचा दाखला आणा."

हे वाक्य राजेसाबच्या चांगलं ओळखीचं होतं. तेहतीस वर्षं ते त्यांनी स्वतः म्हटलं होतं, अगदी याच सुरात, समोरच्या माणसाकडं न बघता. ते कानाला कसं लागतं हे त्यांना टेबलाच्या या बाजूला आल्यावर कळलं. किती म्हातारी माणसं त्यांच्या पुढ्यातून अशी परत गेली असतील, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि एकाचाही चेहरा आठवेना. याचं त्यांना फार वाईट वाटलं.

कर्मचारी मनानं चांगला होता. "तुमचं कार्ड दाखवा," तो म्हणाला. "हे बघा, तुम्ही बसताय." आणि मागची रांग ढकलायला लागल्यामुळं काय होतंय ते कळायच्या आत राजेसाबच्या हातात काठी आली, गळ्यात हार पडला आणि फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. खाली बावीस जणांनी 'लवकर बरे व्हा' लिहिलं होतं. शरणबसव शहाळं घेऊन आले आणि राजेसाबच्या पायांकडं बघत बसले. काठी अम्मांनी मांजर हाकलायला दाराशी ठेवली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण शरणबसव शहाळं ठेवून जाताना म्हणाले, "आमची आई न्हाणीत उठताना घसरली साहेब. चालताना न्हाय. उठणंच वाईट." ते वाक्य राजेसाबच्या डोक्यात बसलं. पडतं ते उठणारं माणूस. उठायचंच नाही तर पडेल कुठून? इतका सोपा उपाय आपल्याला आधी कसा सुचला नाही, असं त्यांना वाटलं. परिपत्रक क्रमांक नऊ दुसऱ्याच दिवशी निघालं. 'अम्मांनी खाली बसू नये.'

या एका ओळीत काय काय गेलं ते लिहिताना त्यांच्या ध्यानात आलं नाही. खालची शेगडी गेली, भाकरी शाइस्तांकडं आली. खराटा गेला. पायरी गेली, कारण पायरी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होती. उशाशी बेल बसली. पाणी लागलं तर बेल वाजवायची. आणि राहिली ती नमाज.

मशिदीत मागच्या ओळीत खुर्च्या असायच्या, गुडघे गेलेली माणसं त्यावर बसून नमाज पढायची. राजेसाबनी शुक्रवारी मौलानांना विचारलं. मौलाना म्हणाले, ज्याला जमिनीवर जमत नाही त्याला खुर्चीची मुभा आहे. राजेसाब घरी येऊन म्हणाले, "मौलाना म्हणाले, मुभा आहे." पहिलं अर्धं वाक्य त्यांनी गाळलं. कचेरीत असं केलं असतं तर त्यांच्याकडून खुलासा मागवला गेला असता. सबंध आयुष्यात त्यांनी कुठल्याही आदेशातली अट गाळली नव्हती. पहिल्यांदा गाळली ती आईच्या बाबतीत.

पांढरी प्लास्टिकची खुर्ची पश्चिमेकडं तोंड करून ठेवली गेली. अम्मांनी ती हातानं चाचपून पाहिली.

"हिच्यावर बसून वाकू कशी? जमिनीला कपाळ टेकल्याबिगर नमाज झाल्यागत वाटत न्हाय रं."

"मुभा आहे अम्मा."

"आसंल. ज्याला गरज हाय त्याला आसंल. माजे पाय चांगले हायत."

राजेसाबना खरं तर ज्येष्ठांमधील अपघातांचं प्रमाण वगैरे सांगायचं होतं, तसं टिपणही त्यांनी काढलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. "अम्मा, तू पडलीस तर मी काय करू?" आणि आवाज फाटला. एकसष्ट वर्षांचा माणूस, डोक्याला टक्कल, हातात टिपण, आणि ओठ लहान पोरासारखे थरथरायला लागले. शाइस्ता उगाच डबे लावू लागल्या.

अम्मा खुर्चीवर बसल्या.

"बरं. तुजा जीव घाबरतोय म्हून बसते. माज्या पायाला कायबी झालं न्हाय, येवढं ध्यानात ठेव."

राजेसाबनी तेवढं सोडून बाकी सगळं ध्यानात ठेवलं.

पुढचे सात महिने त्यांच्या दृष्टीनं अत्यंत यशस्वी गेले. दर महिन्याच्या अखेरीला ते फाइलमध्ये एक ओळ लिहीत, 'पडण्याच्या घटना : निरंक.' शरणबसवांना ते ही ओळ दाखवीत. शरणबसव ती दोनदा वाचत आणि म्हणत, "मला हे आधी सुचलं आसतं तर." अम्मा सकाळी पलंगावरून खुर्चीवर येत, संध्याकाळी खुर्चीवरून पलंगावर जात. हळूहळू त्या बेल वाजवू लागल्या. आधी पाण्यासाठी, मग चष्म्यासाठी, मग नुसत्याच. संध्याकाळी पायरीवर बायका जमायच्या, त्यांचं हसणं आत ऐकू यायचं. अम्मा मान तिकडं वळवायच्या. कुणी हाक मारली तर म्हणायच्या, "तुमी बसा, म्या हितंच बरी हाय." न्हाणीघरापर्यंत चालताना त्या आता भिंत धरू लागल्या होत्या. राजेसाबना ते पाहून समाधान वाटायचं. अखेर अम्मा सूचना पाळायला लागल्या, असं ते शाइस्तांना म्हणाले.

शाइस्ता म्हणाल्या, "त्या पाळालेल्या न्हाईत. त्यांला धरावं लागालंय."

राजेसाबनी हा शेरा नोंदवून घेतला नाही.

एके दिवशी असरच्या वेळेला, म्हणजे ऊन उतरताना, राजेसाब आणि शरणबसव बाहेरच्या खोलीत परिपत्रक क्रमांक अकराचा मसुदा करत बसले होते. आतून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ शाइस्तांची हाक. दोघं धावले. प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून घसरत भिंतीला जाऊन टेकली होती. अम्मा जमिनीवर होत्या. गुडघे पोटाशी घेतलेले, कपाळ फरशीवर, आणि हालचाल काही नाही.

राजेसाब दोन पावलं पुढं झाले. "अम्मा," ते म्हणाले. उत्तर नाही. शरणबसव तोंडावर हात धरून दारातच खाली बसले. राजेसाब पुन्हा हाक मारणार तेवढ्यात अम्मांचे ओठ हलताना दिसले. त्यांनी सावकाश कपाळ उचललं, परत टेकलं, मग बसून दोन्हीकडं मान वळवून नमाज पुरी केली, आणि मग मुलाकडं पाहिलं.

"गप ऱ्हा की जरा. सात महिन्यांनी आलीय खाली, म्हणलं करून घ्यावा सजदा."

शाइस्ता हसता हसता रडायला लागल्या. राजेसाबनाही हसू फुटलं. अम्मांचा चेहरा इतका निवलेला त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. अम्मांनी हात टेकला, एक गुडघा उभा केला आणि जोर केला. अंग उचललं गेलं नाही. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा दोन्ही हात टेकून केला. मग त्या तशाच बसून राहिल्या आणि स्वतःच्या पायांकडं बघू लागल्या.

"राजू," त्या म्हणाल्या, "उठाय येईना रं."

नातेपुत्याच्या बाजारात डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन उठणाऱ्या त्या बाईच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा निघालं होतं. राजेसाब आणि शरणबसव दोघांनी धरून त्यांना उचललं. अम्मांचं वजन काहीच नव्हतं. राजेसाबना तेच जास्त लागलं.

एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या राजनंदिनीताईंकडं पाठवलं. ताई तिशीच्या, सांगोल्याकडच्या धनगर घरातल्या. त्यांनी अम्मांना हाताची घडी घालून खुर्चीवरून उठायला सांगितलं. अम्मांना उठता आलं नाही. ताईंनी आपलं स्टूल पुढं ओढलं आणि दवाखान्याची भाषा सोडून दिली.

"आजी, आदी जमिनीवरनं उठत होता का?"

"व्हय की. सारकी."

"सारकी म्हंजे दिवसातनं किती बारी?"

अम्मांनी राजेसाबकडं पाहिलं, कारण आकडे हे त्यांचं खातं. राजेसाबनी खिशातून पेन काढलं आणि फाइलच्या पाठीवर बेरीज मांडली. पाच वेळच्या नमाजेत अम्मा पढत त्या रकाती, म्हणजे आवर्तनं, बत्तीस. प्रत्येकीत एकदा जमिनीपर्यंत जाणं आणि परत वर येणं. मग भाकरी, पाणी भरणं, पायरी. बेरीज चाळीसच्या पुढं गेली तेव्हा त्यांचं पेन थांबलं.

"साहेब, मी लोकांना दिवसातनं तीस वेळा उठा-बसा म्हणून सांगते," राजनंदिनीताई म्हणाल्या. "हातापाया पडते. कुणी दहाच्या वर करत नाही. आजी चाळीस करत होत्या. बंद कुणी केलं?"

"माजं मीच केलं," अम्मा लगेच म्हणाल्या. "वय झालं की आता."

राजेसाबच्या हातात तीच फाइल होती. अकरा परिपत्रकं, सात निरंक, सगळं तारीखवार. ती त्यांनी आणली होती ती ताईंना दाखवायला, कौतुक होईल या आशेनं. आई त्यांच्यासाठी खोटं बोलली होती, आणि तेही असं झटकन, की जणू उत्तर तयार ठेवून आली होती. पन्नास वर्षांपूर्वी नापास झालेल्या पोरासाठी मास्तरापुढं बोलली असेल तशीच. राजेसाबनी पेन खिशात घातलं.

"मी बंद केलं," ते म्हणाले. "घाबरून केलं."

ताई काही रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझी आजी मायाक्का," त्या म्हणाल्या, "मेंढरामागं दहा-दहा कोस चालायची. माझ्या वडिलांनी तिला खाटेवर बसवली. मायेनंच बसवली. नंतर मी हे शिकले." मग त्यांनी कागद ओढला. पाइप आजींच्या कोपराच्या उंचीला आणा. उंबरा परत बांधा. सुटी पायपुसणी काढा. खुर्ची ठेवा, पण जड आणि भिंतीला टेकलेली. रोज ओटा धरून एकेका पायावर उभं राहायचं, खुर्चीवरून उठा-बसा करायची, आधी पाच, मग दहा. "पाय माघारी येतील आजी. सगळेच्या सगळे येतील असं सांगत नाही."

मायाप्पा परत आला. टॉवेल उतरले, पाइप खाली आला, आणि जो उंबरा त्यानं फोडला होता तोच त्यानं पुन्हा बांधला. "मागंच ठेवला आसता तर," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी जमिनीवर बसायचा दिवस आला. अम्मांना धीर यावा म्हणून राजेसाब म्हणाले, आधी मी करून दाखवतो. ते जानमाजशेजारी ऐटीत मांडी घालून बसले आणि उठायला गेले. गुडघा कडकन वाजला. त्यांनी हात टेकला. दुसरा हात टेकला. पलंगाची कड शोधली, ती लांब होती. तिथंच अर्धवट ओणवे राहून त्यांनी शाइस्तांकडं पाहिलं. शाइस्तांनी दाराशी ठेवलेली मांजराची काठी शांतपणे आणून त्यांच्या हातात दिली.

"बगा," अम्मा म्हणाल्या, "सरकारनं काठी बरोबर माणसालाच दिलीया." आणि हसल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तेव्हापासून व्यायाम दोघांना लागला. शरणबसवही येऊ लागले. ओटा धरून तीन म्हातारी माणसं एकेका पायावर उभी असायची आणि शाइस्ता आकडे मोजायच्या.

सगळेच्या सगळे पाय काही माघारी आले नाहीत. अम्मा आता लोखंडी पेटीवर हात टेकून खाली जातात आणि तसंच हात टेकून वर येतात. पाचांपैकी एक नमाज, मगरिबची, म्हणजे दिवेलागणीची, जमिनीवर होते. बाकी चार खुर्चीवर. संध्याकाळी शाइस्तांचा हात धरून त्या पायरीवर येऊन बसतात. पण भाकरी परत त्यांच्याकडं आली नाही, आणि अंगणाचा खराटाही. ते सात महिने कुठूनही परत मिळत नाहीत. राजेसाबनी सगळी परिपत्रकं काढून टाकली, तरी फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीचे चौकोन राहिले. ते घासूनही जात नाहीत. पाणी घ्यायला फ्रिज उघडताना राजेसाब त्यांच्याकडं बघायचं टाळतात.

एका दुपारी अम्मांनी त्यांना हाक मारली. "राजू, एक कागद लिव."

"कसला?"

"तुजा आसतो तसला. नंबर घाल."

राजेसाबनी बारा नंबर घातला. "बोल."

"लिव. राजूनं घाबरू नये."

पेन थोडं अडलं. "अम्मा, कागदावर पूर्ण नाव लागतं. राजेसाब बाबूसाब मणेर."

"राजूच लिव. घाबरतो तो राजूच."

त्यांनी तसंच लिहिलं. कपाटातून जुना शाईचा पॅड काढला, थुंकी लावून ओला केला, आणि अम्मांनी खाली अंगठा उठवला. कागद फ्रिजवर लागला, जुन्याच एका चौकोनात. त्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवायची जबाबदारी अजून शाइस्तांकडंच आहे, आणि त्या ती रोज पार पाडतात.

मगरिबची अजान झाली की अम्मा पेटीवर हात टेकून सावकाश खाली जातात. मागं दाराशी राजेसाब उभे असतात, श्वास रोखून, दोन्ही हात पुढं केलेले. अम्मा मागं वळून बघत नाहीत, पण त्यांना माहीत असतं. परिपत्रक क्रमांक बाराची अंमलबजावणी अद्याप झालेली नाही.